वाचक विचारतात : बोट टेकूवर, आपण गावाला

या महिन्यात पत्रपेटीतून समुद्रावरची तीन पत्रं निघाली. यवतमाळ जिल्ह्यात बसून समुद्राची उत्तरं देतो म्हटलं की लोक हसतात, पण २२ वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढली आणि नंतर मित्राच्या शिडाच्या बोटीवर जाऊन-येऊन सहा वर्षं, म्हणून संपादकांनी ही तिन्ही पत्रं माझ्याच माथी मारली. आणि एक आधीच सांगून ठेवतो, क्रूझिंग म्हणजे ते सात मजली जहाज आणि त्यावरचा बुफे नाही बरं का. इथं आपलीच लहान बोट, तिच्यातच राहायचं, वारा आणि सीझन पाहून देश बदलत जायचं, वर्षानुवर्षं. आमच्या गावात अजूनही मला विचारतात, जेवण फुकट होतं का जी.

प्रश्न : काका, नमस्कार. मी मूळची दारव्हा तालुक्यातली, नवरा पुण्याचा. चार वर्षांपासून ३६ फुटी जुनी फायबरची बोट घेऊन फिरून राहिलो, सोबत ९ वर्षांचा मुलगा आहे. अटलांटिक पार करून सध्या कॅरिबियनमधल्या ग्रेनाडाला आहोत. आम्ही समुद्राच्या मधात असताना बाबांची बायपास झाली, घरच्यांनी मुद्दाम कळवलं नाही, किनाऱ्याला लागल्यावर कळलं. आता पाच-सहा महिने बोट ठेवून घरी यायचं आणि मुलाला थोडं फिरवायचं असं माझ्या मनात आहे. नवरा म्हणतो बोट सोडून इतके दिवस नको, एक महिना पुरे. काका लोकं म्हणतात आली ना परत, फिटली ना हौस. किती दिवस यावं, बोट कशी ठेवावी आणि वेळ कसा वाटावा?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, पहिले जावईबुवांचं घेतो. एक महिना म्हणजे काय होते ते बोटावर मोज. बोट बंद करायला मला कधीच आठ दिवसांच्या खाली जमलं नाही, परत जाऊन चालू करायला तितकेच, मधात तीन विमानं बदलून नागपूर, आणि तिकडच्या आणि आपल्या घड्याळात साडेनऊ तासांचा फरक, म्हणजे पहिले चार दिवस तू दुपारी जेवणाच्या ताटावर पेंगणार आणि रात्री तीनला टक्क जागी. उरले जेमतेम दहा दिवस. त्यात सासर पुण्याचं. बाबांच्या वाट्याला सहा दिवस आले तर खूप झाले, आणि तेही पाहुण्यांच्या चहात जातील.

दुसरं म्हणजे महिनाभरासाठी लोक बोट पाण्यातच ठेवतात, नांगरावर नाहीतर पाण्यात तरंगणाऱ्या बोयाला बांधून, आणि इथं येऊन रोज मोबाईलवर तिकडचं हवामान पाहत बसतात. माणूस वावरात उभा असतो आणि जीव तिकडं दोरीला टांगलेला. मी हे करून चुकलोय. म्हणून माझं मत विचारशील तर येशील तर पूर्ण सीझनसाठी ये आणि बोट पाण्याबाहेर काढूनच ये.

सीझन तर तुमचा आयता जुळून आलाय. अटलांटिकचा हरिकेनचा, म्हणजे चक्रीवादळांचा सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर धरतात, म्हणजे आपल्या मृगापासून कपाशीच्या पहिल्या वेच्यापर्यंत. तिकडं बोटी बंद करायचे दिवस आणि इकडं पेरणी, पोळा, महालक्ष्म्या, दसरा, दिवाळी सगळं त्याच्याच आत. हुरडा तेवढा हुकेल, पण सगळंच नाही मिळत.

आता बोट कुठं ठेवायची. ग्रेनाडा साधारण १२ अक्षांशावर आहे आणि ते वादळाच्या पट्ट्याच्या खाली आहे असं लोक खुशाल म्हणायचे, २००४ च्या सप्टेंबरात इव्हान वादळ आलं आणि यार्डात, म्हणजे बोटी जमिनीवर ठेवायच्या आवारात, उभ्या केलेल्या बोटी एकमेकींवर पडल्या. २०२४ मध्ये तर सीझन लागून महिनाच झाला होता, १ जुलैला बेरिल आलं ते थेट कॅरियाकूवर, म्हणजे ग्रेनाडाच्याच बेटावर. त्रिनिदाद आणखी खाली, साडेदहा अक्षांशाच्या आसपास, तुमच्यापासून एका रात्रीचं अंतर, तिथं शागुआरामासला यार्डंच यार्डं आहेत, पण त्या वाटेवरच्या सुरक्षेच्या ताज्या सूचना विचारूनच निघा आणि शक्यतो दुसऱ्या बोटीच्या सोबतीनं. कुठंही ठेवा पण त्याआधी विम्याची पॉलिसी काढून वाचा, त्यात बहुतेक वेळा अक्षांशाची रेषा आणि तारखा लिहिलेल्या असतात, आणि बोट पट्ट्यांनी जमिनीला बांधलेली पाहिजे असंही असते कधी कधी. विमा कंपनीला ई-मेल करून लेखी उत्तर घ्या, फोनवरचं हो काही कामाचं नाही.

यार्डात ट्रॅव्हल लिफ्ट असते, चार चाकांवरचा उंच सांगाडा, तो दोन पट्ट्यांत बोट उचलतो, झोळीतल्या लेकरासारखी. मग तिला लोखंडी टेकू लावतात. हे टेकू समोरासमोरचे एकमेकांना साखळीनं बांधलेले आहेत का ते स्वतः वाकून पाहा, साखळी नसली तर वाऱ्यानं बोट हलते आणि टेकू एकेक करून सरकते. आणि शिडं खाली उतरवा म्हणजे उतरवाच. पुढचं शीड गुंडाळून वर तसंच ठेवलं तर वादळात सुटते आणि फडफडून अख्खी बोट टेकूवरून पाडते, आपली पडते ती पडते, शेजारच्याचीही घेऊन पडते.

माझी फजिती सांगतो म्हणजे बाकीचं आपोआप येईल. मलेशियातल्या लंगकावीला आम्ही बोट पाच महिने पाण्यातच ठेवली होती, तिथल्या एका माणसाला दर महिन्याला पैसे पाठवत होतो की आठवड्यातून एकदा उघड, हवा दे, पंप पाहा. फोटो यायचे, आम्ही खुश. परत जाऊन दार सरकवलं आणि जो वास आला ना, ओल्या पोत्यात बांधून ठेवलेल्या सोयाबीनसारखा. छताला हिरवी बुरशी, फ्रीजचं दार आम्हीच बंद ठेवलं होतं तर आत काळी मखमल, उशीखाली झुरळांचं खटलं. फोटो सगळे पहिल्याच दिवशी काढलेले होते, नुसते शर्ट बदलून. इंजिन चालू केलं तर दहा मिनिटांत बंद, डिझेलच्या टाकीत काळी साय धरली होती, कारण टाकी अर्धी ठेवली होती, रिकाम्या जागेत हवेतली ओल जमते, पाणी होते, त्या पाण्यात जंतू वाढतात आणि फिल्टर जाम. नऊ दिवस मी ती टाकी साफ करत होतो आणि मित्र माझ्याशी बोलत नव्हता.

म्हणून टाकी गळ्यापर्यंत भर आणि डिझेलमधले जंतू मारायचं औषध मिळते ते टाक. इंजिन ऑइल जायच्या आधी बदल, आल्यावर नाही, जुन्या ऑइलमध्ये आम्ल असते, ते सहा महिने बेअरिंगला खात बसते. इंजिनमध्ये गोडं पाणी फिरव. समुद्राचं पाणी गोडं करायचं मशीन असेल तर त्याच्या मेंब्रेनला, म्हणजे आतल्या गाळणाऱ्या पडद्याला, टिकवायचं द्रावण देऊन ठेव, नाहीतर ते सडते आणि नवीन फार महाग येते. फ्रीजचं दार उघडं, गाद्या उभ्या, भिंती व्हिनेगरनं पुसून घे, कोपऱ्यात बोरिक पावडर. तांदळाचा, डाळीचा एक दाणा मागं ठेवू नको. जमिनीवर असलेल्या बोटीच्या भोकांना बारीक जाळी लाव, गांधीलमाशी आत मातीचं घर करते. आणि सगळ्यात साधी गोष्ट ज्यानं सगळ्यात जास्त बोटी खराब होतात ती म्हणजे कॉकपिटच्या, बोट चालवायला बसतो त्या उघड्या जागेच्या, पाणी जायच्या नळ्या, त्यात दोन पानं अडकली की पावसाचं पाणी तुंबते आणि दारावरून आत जाते, बोट जमिनीवर उभी राहून बुडाली असं मी डोळ्यांनी पाहिलंय. जो माणूस ठेवशील त्याला सांग, फोटोत त्या दिवशीच्या पेपरची तारीख दिसली पाहिजे. मी नंतर हेच केलं.

कागदपत्रांचं थोडक्यात. तुम्ही देशात आलात बोटीनं आणि जाताय विमानानं, तर इमिग्रेशनला जाऊन क्रू लिस्टमधून नाव रीतसर काढून घ्या आणि कस्टम्सला बोट मागं राहते हे कळवा. आपल्या पासपोर्टला अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो आणि लंडनमार्गे आलात तरी ट्रान्झिट व्हिसा पाहावा लागतो, तिकीट काढायच्या आधी हे पाहा. परत जाताना एकतर्फी तिकिटावर एअरलाइनवाले काउंटरला अडवतात, परतीचं तिकीट दाखवा म्हणतात, तेव्हा यार्डाचं पत्र आणि बोटीचे कागद हातात पाहिजेत. सुटे भाग घेऊन जाणार असाल तर त्या पत्रात बोट ट्रान्झिटमध्ये, म्हणजे नुसती वाटेवर आहे असं लिहून घ्या, बऱ्याच देशांत त्यावर ड्युटी माफ होते.

आता घरचं. पहिले दोन दिवस तुला जमीन हलताना वाटेल, घाबरू नको. मी छपरीत बसून चहा पीत होतो आणि कप बशीतच होता पण मला वाटे आता घसरते, मी तीनदा हात लावला. आई म्हणाली पोट्टं येडं होऊन आलं. सहसा एक-दोन दिवसांत जाते ते, महिना झाला तरी गेलं नाही तर डॉक्टरला दाखव.

वेळ वाटायचं म्हणतेस तर वाटूच नको सुरुवातीला. पहिले तीन आठवडे गाव सोडायचं नाही. नातेवाईक म्हणतील आमच्याकडं काऊन आली नाही, प्रत्येकाकडं गेलीस तर प्रत्येक घरी एकेक प्लेट पोहे, एकेक साडी आणि तोच प्रश्न, भीती नाही वाटत का गं. दोन महिने असेच निघून जातात आणि बाबा घरी एकटे. त्यापेक्षा एक दिवस धरून सगळ्यांनाच वावरात बोलाव, रोडगे आणि वांग्याची भाजी कर, वरून सांबार म्हणजे कोथिंबीर टाकून. मात्र हे पावसाळ्यात नको, गोवऱ्या ओल्या असतात, धूरच धूर होतो आणि रोडगे आतून कच्चे राहतात. ऑक्टोबर उजाडू दे. तोपर्यंत ज्यांना भेटायचं ते येतील तुझ्या दारी.

बाबांजवळ बसणं म्हणजे तब्येत कशी आहे हे रोज विचारणं नाही, त्यानं माणूस जास्त आजारी पडते. त्यांच्या गोळ्यांचा कागद एकदा नीट समजून घे, पुढची तपासणी तू असताना करून घे, आणि मग त्यांना काम सांग. पोराला डवरा दाखवा म्हणा, बैल दाखवा म्हणा. तुझ्या पोराला बोलाइन गाठ येतच असेल, मी ती आमच्या वडिलांना मोठ्या तोऱ्यात दाखवली होती, ते म्हणाले हे तर आपण ढोराले बांधतो, फास बसत नाही म्हणून. मग त्यांनी मला दोन गाठी दाखवल्या ज्या मला येत नव्हत्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, त्याला लाकडाचा नंदी घेऊन दे आणि गावातल्या पोरांत सोड, दोन महिन्यांत त्याचं मराठी असं होईल की पुण्याची आजी कान धरेल.

बँकेचं खातं दोन वर्षं हललं नसेल तर ते निष्क्रिय होते, पहिल्याच आठवड्यात जाऊन केवायसी करून टाक. दात, डोळे, लसी पण इथंच उरकून घे. सातबाराचा काही विषय असेल तर तोही आताच, भावाबहिणीत फोनवर अशा गोष्टी बोलू नये.

फिरायचं ते पोळ्यानंतर. लोणारला नक्की जा. उल्का पडून झालेलं हे विवर काळ्या बसाल्टच्या दगडात आहे, सुमारे १.८ किलोमीटर रुंद, आणि तळाशी खारं पाणी. समुद्रावर वाढलेल्या पोराला समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर खारं पाणी दाखवलं की तो बोट बुडवून चाखायला धावेल, नको म्हण, ते अल्कलीही आहे. २०२० च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झालं होतं, खारात राहणाऱ्या सूक्ष्म जिवांमुळं, आणि त्याच वर्षी ते महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलं. चिखलदरा पाऊस सरता सरता बरं. ताडोब्याचा कोअर भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो, म्हणून ते दसऱ्याकडं ठेव. बाबांना झेपत असेल तर शेगावला सोबत घेऊन जा. बाकी यादी करू नको. पुण्याला दिवाळी करा, तिकडूनच परतीचं विमान धरा.

आणि काका लोकांचं म्हणशील तर त्यांना सांग की आपले दिलीप दोंदे २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेली म्हादेई ही शिडाची बोट घेऊन एकटे जगाला वळसा घालून मुंबईला परत आले, असं करणारे ते पहिले भारतीय, तेही वाटेत चार बंदरांत थांबले होते. न थांबता जायचा पराक्रम २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमींनी केला, तो वेगळाच मोजायचा. तुम्ही तर घर घेऊन फिरताय, शर्यत नाही करून राहिले. हे ऐकूनही काका परत विचारतीलच, मग त्यांना गांधीलमाशीच्या जाळीचं सविस्तर सांग, आपोआप उठून जातील.

प्रश्न : भाऊ, मी वर्धा जिल्ह्यातला शेतकरी, वय ६८. मुलगा आणि फ्रेंच सून बोटीवर राहतात, दोन महिन्यांसाठी पहिल्यांदाच गावाला येणार आहेत. आम्ही खोली बांधली, एसी लावला, इंग्लिश संडास केला. लोक म्हणतात आता बोट विकायला लावा. तुमचं काय म्हणणं?
– एक वडील

उत्तर : भाऊसाहेब, संडास केला ते उत्तम केलं, बोटीवर हातपंप मारून मारून त्यांचा जीव विटलेला असते. पण एसीपेक्षा मोठी चैन तुमच्या घरी आधीच आहे, ती म्हणजे मोजल्याशिवाय पाणी. बोटीवर गोडं पाणी तांब्यानं मोजतात, कित्येकदा भांडी समुद्राच्या पाण्यात घासतात. सूनबाईंनी सकाळ-संध्याकाळ चार-चार बादल्या घेतल्या तर त्यांना टोकू नका. मे महिन्यात मात्र बोलावू नका, ४५ अंशांत तिकडचं माणूस सुकून जाईल.

आणखी एक. रात्री दोनला वारा सुटला की दोघांपैकी एक जण उठून अंगणात जाईल, आभाळाकडं पाहील, परत येऊन झोपेल. तुम्हाला वाटेल पोरांना झोप येत नाही, काही दुःख आहे, नजर लागली. तसं काही नाही. नांगरावर राहणाऱ्याला वारा फिरला की उठून पाहावंच लागते, नांगर सरकला का, शेजारची बोट जवळ आली का. ती सवय महिनाभर तरी जात नाही. वहिनींना आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या मीठ-मोहऱ्या ओवाळतील.

बोट विकायचं त्यांनी काढलं तरच बोला. विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर खराब असेल तर तो मुलाच्या हातात द्या, बोटीवरचं माणूस वायरमन, प्लंबर, मिस्त्री सगळं असते, आणि स्टार्टर खोलून बसलेला मुलगा तुमच्याशी जितकं बोलेल तितकं सोफ्यावर बसून बोलणार नाही.

प्रश्न : सर, मी पुसदचा, आयटीआय डिझेल मेकॅनिक, वय २३. बोटवाले गावाला जातात तेव्हा त्यांच्या बोटी सांभाळायचं काम मला परदेशात मिळेल का? पोहता येत नाही.

उत्तर : मिळू शकते, पण टुरिस्ट व्हिसावर पगाराचं काम करता येत नाही, हे आधी डोक्यात पक्कं ठेव, आणि पैसे आधी भरा म्हणणारा एजंट भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लाव. सुरुवात देशातच कर. मुंबई आणि गोव्यात शिडाच्या बोटी आहेत, कोचीला बोलगट्टीला मरीना, म्हणजे बोटी बांधायचा धक्का आहे, तिथं वर्षभर कोणाच्या हाताखाली पडेल ते काम कर. डिझेल येते म्हणजे तुझं निम्मं काम झालेलं आहे, फायबर घासणं आणि रंग लावणं शिकून घे. पोहणं मात्र आधी. धरणात शिकू नको, इसापूरला तर मुळीच नाही, शहरात कोणी मावशी-आत्या असेल तर तिच्याकडं महिनाभर राहा आणि टँकवर जा. पोहायला आलं की पुन्हा लिही, तेव्हा पुढचं सांगतो.